एकशे सत्तावीस दात

तायतुंग,
११ फेब्रुवारी २०१९

ती. दादांस,
बी-श्याचा सा. न. वि. वि. (वाकून करते आहे, पण मान ताठ ठेवून.)

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमचं बोलणं मला ऐकवत नाही, म्हणून हे पत्र. बाबांच्या छोट्या लेथला मी चार भोकं पाडली आहेत. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. आटे पाडताना कापणाऱ्या टूलला पुढे सरकवणारा लांब स्क्रू आता गिअरवर चालत नाही. लेथच्या फेऱ्या मोजणारी एक डबी बसवली आहे आणि तिच्या मोजणीवर एक लहान मोटर तो स्क्रू फिरवते. आटे किती बारीक हवेत ते बटणं दाबून सांगायचं. ज्येष्ठांच्या वर्गात सहा महिने जाऊन शिकले. तिथे बाई मी एकटीच. बाकीचे आजोबा डुलक्या काढायला येतात.

जुने गिअर तेल लावून डब्यात ठेवलेत, बाबांनी हाताने कापलेलं एकशे सत्तावीस दातांचं चाकसुद्धा.

सीताफळांची पेटी पाठवली आहे. आधी वहिनींना द्या, उरली तर तुम्ही खा. लोभ आहे तेवढा पुरे, राग वाढवू नये.

तुमची बहीण,
बी-श्या


फंगयुआन,
१८ फेब्रुवारी

चि. बी-श्यास अ. उ. आ. (रीत म्हणून.)

सीताफळं गोड निघाली, पत्र कडू.

बाबांनी तुला लेथ सांभाळायला दिला होता, की त्याची चाळणी करायला? मिलिमीटरच्या लेथवर इंचाचे आटे पाडायचे तर एकशे सत्तावीस दात लागतात. त्याला दुसरा मार्ग नाही. ते चाक बाबांनी अकरा दिवस बसून कापलं. आपल्या गल्लीतले चार कारखानदार ते बघायला आले होते. तू चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवलेस, उत्तम शिवलेस. पण लेथ म्हणजे शिलाई मशीन नव्हे, बाई.

सोबत बाबांच्या हातचा पितळी नट पाठवतो. इंचाला अकरा आटे. त्यात बसणारा स्क्रू तुझ्या त्या डबीकडून करून दाखव. दोन बोटांनी फिरवून शेवटपर्यंत गेला आणि डुगडुगला नाही, तर लेथ तुझा. नाहीतर छिंगमिंगच्या सणाला आईबाबांची थडगी झाडून झाली की दुसऱ्या दिवशी मी ट्रक घेऊन तुझ्या दारात उभा राहीन आणि लेथ घेऊन जाईन.

वहिनी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करते आहे. मी नाही.

छिंग-युआन


तायतुंग,
६ मार्च

ती. दादांस,
सा. न. (गुडघे बरे आहेत, आणखी एक भोक पाडता येईल एवढे.)

स्क्रू केला. दोन फेऱ्या गेला आणि अडकला. मी लपवत नाही, पाकिटात घालून पाठवते आहे. हसून घ्या.

पण दुसरा मार्ग नाही, असं पुन्हा लिहू नका. ते चाक इतकं मोठं, की वरचं झाकण बसायचं नाही. बाबा ते उघडंच चालवायचे. त्या उघड्या चाकाने त्यांच्या करंगळीचं टोक घेतलं, तेव्हा तुम्ही सैन्यात होतात. चिंधी मी बांधली. चौदा वर्षांची होते. आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी फर्मान काढलं, की मुलींनी कारखान्यात यायचं नाही, बोटं जातात. बोट त्यांचं गेलं आणि दार माझं बंद झालं! चाक मात्र होतं तिथेच राहिलं, आणि तुम्ही पुरुष त्याला कारागिरी म्हणत राहिलात. माणसाकडे बोटं मागणाऱ्या यंत्रापुढे मी उदबत्ती लावणार नाही. बाबांच्या हातांपुढे लावीन. त्या चाकापुढे नाही.

तुमचं अक्षर असं वाकडं कधीपासून झालं? शाळेत बक्षीस होतं तुम्हाला अक्षराचं.

माया असू द्या, नसली तरी मी मागणारच.

बी-श्या


फंगयुआन,
१३ मार्च

चि. बी-श्यास अ. उ. आ.

पेन खराब होतं.

स्क्रू भिंगाखाली पाहिला. आटे एकाच बाजूने खाल्ले गेलेत, दर फेरीला थोडे थोडे. टूल ठीक आहे, मोटरही ठीक असेल. तुझी डबी फेऱ्या कमी मोजते आहे. ती कशाने फिरवतेस? गोल, गुळगुळीत पट्टा असेल तर तो घसरतोय. खरं सांग, शिलाई मशीनचा पट्टा लावलास ना? तिथे घसरला तर एखादा टाका उशिरा पडतो. इथे सगळी मोजणी फसते. दात असलेला पट्टा घाल. लागलेच ना शेवटी दात?

ही मदत समजू नकोस. वाईट काम बघवत नाही, एवढंच. ट्रक येणारच.

बाबांनी मला कळवलं होतं, की करंगळी स्वयंपाकघरात सुरीने कापली.

छिंग-युआन


तायतुंग,
२९ मार्च

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

पट्टा शिलाई मशीनचाच होता. दात असलेला आणून घातला. हो, दात; पण रबराचे, आणि झाकणाच्या आत. आज स्क्रू बाबांच्या नटात घातला. दोन बोटांनी गेला, शेवटपर्यंत. उलट्या बाजूने घालून पाहिला, तसाही गेला. नट आणि स्क्रू दोन्ही पाठवते आहे; तुमच्या बोटांनी खात्री करा.

आता एक ऐका. तुमच्या परीक्षेत पास झाले म्हणून लेथ माझा झालेला नाही. नापास झाले असते तरी दिला नसता. या गुडघ्यांसकट ट्रकपुढे आडवी पडले असते. बावन्न वर्षं दाराबाहेर उभी होते, दादा. आता आत आले आहे. भोकं बुजवणार नाही आणि बाहेरही जाणार नाही.

भांडण संपलं असेल तर कळवा, नसेल तर जेवायला या, समोरासमोर भांडू.

बी-श्या


फंगयुआन,
२ एप्रिल

चि. बी-श्यास अनेक उत्तम आशीर्वाद. (पूर्ण लिहिलंय, बघ.)

स्क्रू गेला. फिरवला तुझ्या वहिनीने. मागच्या थंडीत घरच्या लेथवर गिअर बदलताना माझी उजव्या हाताची दोन बोटं दातांत सापडली. एकाचं टोक गेलं. मीही झाकण काढूनच चालवत होतो, बाबांसारखा. घरच्यांना दार बोटावर आपटलं म्हणून सांगितलं. पेन चांगलंच आहे.

ट्रक ठरल्याप्रमाणे सहा तारखेला येतो आहे. शब्द दिला तो दिला. पण तुझा लेथ न्यायला नाही. माझा लेथ मागे बांधून आणतो आहे. भोकं कुठे पाडायची ते खडूने आखून ठेवलंय. पाडायची तू. एकही वाकडं पडलं तर ऐकून घ्यावं लागेल.

वहिनी अननसाचे केक घेऊन येते आहे. दोन लेथ मावतील एवढी जागा कर, आणि आमच्यावर जीव असू दे.

तुझा दादा,
छिंग-युआन

ता. क. माझ्या लेथचं झाकण नीट बसलं पाहिजे.