भिंतीपलीकडे पोचलेलं अर्धं बोलणं

बाबाजीपुरा, बडोदे
मार्गशीर्ष शु. ६, शके १८३३

ती. नारायणदादास अहल्येचे कृतानेक शि. सा. न. वि. वि.

मुलं खुशाल आहेत. घर मात्र खुशाल नाही. आमच्या ओसरीतलं बोलणं फुटतं आहे.

ओसरी आणि सासूबाईंचं देवघर यांच्यामध्ये पुरुषभर उंचीची भिंत आहे, पलीकडचं माणूस दिसत नाही. तरी कचेरीतून आल्यावर झोपाळ्यावर इकडून जे बोलणं होतं, ते सासूबाईंना ठाऊक. गेल्या आठवड्यात इकडून म्हणणं झालं की आईला नाशिकला धाकट्या भावाकडे ठेवावं. मी म्हटलं, त्यांच्यावाचून माझं पान हलत नाही, त्या इथंच राहतील. विषय तिथंच मिटला. पण दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी अबोला धरला आहे आणि लुगडी ट्रंकेत भरायला घेतली आहेत.

त्या वेळी ओसरीत चहा घेऊन येतात त्या फक्त आमच्या स्वयंपाकाच्या मथुराबाई. बरं, पोचतं तेही इकडचंच बोलणं, माझा एक शब्द नाही. म्हणजे चांगलं तेवढं गाळून वाईट तेवढं सांगायचं. अकरा वर्षं घरात वावरलेलं माणूस, पण काल मी त्यांना कामावरून काढलं. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, त्यानं तर माझी खात्रीच पटली. मी चुकले नाही ना, ते लिही.

तुझी अहल्या


पुणे
मार्गशीर्ष शु. १२

चि. सौ. अहल्येस नारायणाचे अनेक आशीर्वाद.

तुला फौजदार नेमायला हवं, असं तुझी वहिनी म्हणते. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. माझा संशय भिंतीवर आहे.

सुरसागर तळ्यात पाण्याची लाट खुंटाला वळसा घालून पुढे जाते, ते तू पाहिलं असशील. आवाजही लाटच. लाट जितकी लांब, तितकी ती आडोशाला सहज वळते. श्रीपतरावांच्या खर्जाची लाट पुरुषभराहून लांब, ती भिंतीच्या माथ्यावरून पलीकडे उतरते. तुझा आवाज बारीक, त्याची लाट आखूड, ती तेवढी वळत नाही. प्रकाशही वळतो, पण इतका थोडा, की अंधाऱ्या खोलीत सुईची सावली निरखली तरच कळावं. म्हणून पलीकडचं दिसत नाही. सरकारी बँड गल्लीच्या वळणापलीकडे असला की आधी ढोल ऐकू येतो, बासरी मागाहून.

मी सांगतो म्हणून मानू नकोस. देवघरात बसून ऐक.

नारायण


बडोदे
मार्गशीर्ष व. ५

ती. दादास शि. सा. न.

काल सासूबाईंजवळ देवघरात बसले. पलीकडे इकडचं निरुपमावन्संशी बोलणं चाललं होतं. इकडचे शब्द स्वच्छ आले. वन्संची नुसती कुजबुज. सासूबाईंनी विचारलं, त्या दिवशी तू काय म्हणाली होतीस. मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, मला तुझं काही ऐकूच आलं नव्हतं. तुझं उत्तर मीच मनानं रचलं, आणि तेच खरं धरून बसले. आम्ही दोघींनी मिळून ट्रंक रिकामी केली.

आज सकाळी वाडीत मथुराबाईंकडे गेले. त्यांनी दुसरं घर धरलं आहे. मला गूळपाणी दिलं, लाटांचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, बेन, त्यासाठी पुण्याला पत्र घातलंत, मी तर चुलीपाशीच होते, मला का नाही विचारलंत? दादा, त्या परत येणार नाहीत.

लोभ वाढवावा असं मागायला आज धीर होत नाही. आहे तेवढा राहू दे.

तुझी अहल्या