समाचाराला जायचं राहिलं

१४ सप्टेंबर २००३, सेविया

आज पहिल्यांदा बूट घालून वर्गात उभी राहिले. आयुष्यभर अनवाणी कथक नाचायचं आणि त्रेचाळिसाव्या वर्षी फ्लामेंकोसाठी टाचेला खिळे ठोकलेले बूट घालायचे, ही हौस माझीच. तक्रार कुणाकडे करणार?

घुंगरू नाहीत. पायाचा नुसता कोरडा आवाज. पायात घुंगरांचं ओझं असताना काय काय झाकलं जात होतं, ते आज कळलं. उजवा बरा आहे. डावा कामचुकार. वीस वर्षं शिकवतेय आणि माझा डावा पाय कच्चा आहे, हे मला स्पेनला येऊन कळावं. पिलारबाई (माझ्याहून लहान, पण शिकवते म्हणजे बाईच) माझ्या डाव्या पायाकडे बघून नुसती मान हलवते.

खोलीत आल्यावर टाचा मिठाच्या पाण्यात.

२१ सप्टेंबर

फोनच्या दुकानातून पुण्याला फोन. रविवारची वेळ ठरली आहे, केतकी क्लासवर थांबते. ती मागे आहे म्हणून मी इथे येऊ शकले. बारा वर्षं माझ्याकडे शिकली, आता क्लास, ग्रुप, माझ्या घराची किल्ली, सगळं तिच्याकडे. मी काही सांगितलं की मान डोलावते आणि करते. वाद नाही.

मग दामूकाका फोनवर आले. "बूट घालून नाचतेस म्हणे. सरस्वतीला सांगून ठेवलंय, वर्षभर तिकडे बघू नका."

एकोणीस वर्षं माझ्या मागे तबला वाजवतायत. कौतुक असं तोंडावर एकदाही केलेलं नाही. घरी फोन घेत नाहीत, रियाजात व्यत्यय म्हणून. त्यामुळे रविवारी क्लासवर भेटतील तेवढेच.

९ ऑक्टोबर

इथल्या बारा मात्रांचा जोर शेवटच्या मात्रेवर. शेवट तीच सुरुवात. आपल्या समेसारखं बघायला गेलं की फसायला होतं. दोन आठवडे फसत होते, आज पाय त्यात बसला.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय: पुढच्या वर्षी पुण्यात याच बारा मात्रांवर कार्यक्रम करायचा. आठ मुली, अर्ध्या बुटांत, अर्ध्या घुंगरांत, आणि मध्ये काकांचा तबला. बोल लिहायला घेतलेत. ग्रुपला याची गरज आहे. मुली गळतायत. एकीची कॉल सेंटरला रात्रपाळी, एकीचा नवरा अमेरिकेत. हे उभं राहिलं नाही तर ग्रुप दोन वर्षांत संपेल. आणि हे काकांशिवाय उभं राहणार नाही.

२६ ऑक्टोबर

दिवाळी. केतकीने पाठवलेला चिवडा पोचला, अर्धा चुरा, तरी चमच्याने खाल्ला.

फोन. तिला वारज्याला क्लास काढायचाय. मी म्हटलं, वारज्यात कोण येणार? "ताई, सगळे तिकडेच गेलेत राहायला. सदाशिव पेठेत स्कूटर लावायला जागा नाही, मुलींना सोडायला येतंय कोण?" मी नाही म्हटलं. तिने ऐकलं.

काका दोनच वाक्यं बोलले. दम लागत होता. थंडी बाधली म्हणे.

७ डिसेंबर

काका क्लासवर नव्हते. "सर्दी आहे, ताई." काकूंनी घरात डांबलं असणार. बरंच झालं.

२१ डिसेंबर

काका कोकणात गेलेत, भाचीच्या लग्नाला. हसूच आलं. लकडी पूल ओलांडायचा तर घरून डबा घेऊन निघणारा माणूस. केतकीला म्हटलं, परत आले की मला सविस्तर ऐकायचंय. "हो," म्हणाली आणि मुलींच्या परीक्षांचं सांगत बसली.

१८ जानेवारी २००४

आज काय, तर डोळ्याचं ऑपरेशन. फोनपर्यंत चालत यायला डोळे कशाला लागतात? मी केतकीला बोलले. 

बोल पाठवून दोन महिने झाले. तालमीची सीडी पाठव म्हटलं. काकांचा हात त्या बारा मात्रांवर कसा पडतो, ते ऐकल्याशिवाय मला पुढचं सुचणार नाही.

१५ फेब्रुवारी

पुन्हा काका नाहीत. रागावलेत माझ्यावर, नक्की. बुटांवरून, नाहीतर मी वर्षभर क्लास टाकून आले त्यावरून. रागावले की असेच करतात. मागे एकदा दोन महिने बोलले नव्हते, पण वाजवायला रोज वेळेवर.

पत्र लिहावं का? मला पत्रं लिहायचा कंटाळा. जूनमध्ये समोर बसून काय ते भांडू.

१४ मार्च

सीडी आली. खोलीतल्या मुलीचा प्लेअर मागून घेतला.

मुली बऱ्या आहेत. तबला ऐकत गेले. तिहाईच्या तिसऱ्या फेरीत, शेवटच्या धा-आधी काका किंचित थांबतात. मी पोचले का बघतात, आणि मग हात टाकतात. एकोणीस वर्षांत हे चुकलेलं नाही. मधूनच खाकरतात, तेही नाही चुकत.

सीडीवर तीन वेळा तालीम आहे. तिन्ही वेळा तबला अगदी तसाच. थांबणं नाही. खाकरणं नाही. मशीनमध्ये भरून ठेवलेला तबला आहे, त्याच्यावर मुली नाचतायत.

काका रागावले तरी वाजवतात.

१५ मार्च

वर्ग बुडवून सकाळीच फोन केला. केतकीच्या घरी. सरळ विचारलं. ती रडायला लागली तेव्हाच कळलं.

९ डिसेंबर. न्यूमोनिया. दोन दिवस हॉस्पिटलात, तिसऱ्या दिवशी पहाटे गेले. मी कोकणातल्या लग्नावर हसत होते तेव्हा जाऊन बारा दिवस झाले होते.

"तुम्ही तिकडे एकट्या. वर्ष मोडून आला असतात." तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. आपल्याकडे असंच करतात. आमच्या शेजारच्या मुलाला अमेरिकेत, वडील गेल्याचं परीक्षा झाल्यावर सांगितलं होतं. तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून ते ठरवलं होतं आणि आपण केवढ्या समजूतदारपणाने वागलो असं वाटलं होतं.

मग तिने विचारलं, "येताय का?"

३० मेला आमचा इथला कार्यक्रम आहे. मला पाच मिनिटं एकटीला दिलीत.

मी म्हटलं, जूनलाच येते. मला कळलंय हे कुणाला सांगू नकोस.

तोंडातून गेलं ते गेलं. कळलं म्हटलं की जायला हवं. निदान काकूंना पत्र. तीन महिन्यांनी कुठल्या तोंडाने? त्यापेक्षा कळलंच नाही.

१६ मार्च

वर्गात गेले. डावा पाय नीट पडला, आल्यापासून पहिल्यांदा. पिलारबाईने सगळ्यांना थांबवून मला पुन्हा करायला लावलं. टाळ्या पडल्या. मला आनंद झाला. काका गेल्याचं कळून एक दिवस झाला होता आणि मला आनंद झाला, हे लिहून ठेवते.

८ एप्रिल

इथल्या पवित्र आठवड्याच्या मिरवणुका. गल्लीत उभं राहायला जागा नाही. ढोल जवळ आला तशी मी गर्दीतून बाहेर पडले आणि एका दुकानाच्या पायरीवर बसून रडले. एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला वाटलं भक्तीने रडतेय.

खोलीवर येऊन लिहायला बसले. "सौ. काकूंना." सौ. खोडलं. मग कागदच फाडला.

३० मे

झाला कार्यक्रम. चांगला झाला. तिहाईसारखं एक मी मध्ये घातलं होतं, शेवटच्या ठोक्याआधी थांबले. गिटारवाला बिचारा माझ्याकडे बघत राहिला.

१२ जून, पुणे

केतकी आणि तिचा नवरा गाडी घेऊन मुंबईला आले होते. तो त्याच्या ऑनसाइटबद्दल बोलत होता. आम्ही दोघी मागे, काकांचं नाव नाही. घाट चढून आल्यावर ती म्हणाली, "वारज्याला मी जानेवारीतच सुरू केलंय, ताई. चाळीस मुली आहेत. तुम्हाला सांगणारच होते." इथे अकरा उरल्यात.

अजून काय काय सांगणार होतीस, असं विचारायचं ओठावर आलं होतं.

१४ जून

नारायण पेठ. दोन जिने चढले. काकूंनी दार उघडलं, दारातच उभ्या.

"आलात? सवडीने आलात."

मी काही बोलायच्या आत, "सहा महिन्यांत एक ओळ नाही. तिकडे तिकिटं महाग असतील."

काकू, म्हटलं, मला कळवलंच नाही कुणी.

"असं कसं? यांना घरात आणलं होतं तेव्हाच मी केतकीला विचारलं, वसुधाताईंना कळवलं का. हो म्हणाली. पहाटेच फोन केला म्हणाली. खूप रडल्या म्हणाली." मग आत बघत, "मी रोज वाट बघत होते. तेराव्यापर्यंत. मग सोडलं."

पाणीसुद्धा विचारलं नाही. नारायण पेठेत पाहुणा पाण्याशिवाय जातो, पण त्या घरातून मी कधी गेले नव्हते.

१५ जून

केतकीला घरी बोलावलं. उभं राहूनच बोलली.

"ताई, काका समोर होते. त्या माझा हात धरून विचारतायत, ताईंना कळवलं का. नाही कसं म्हणू? त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले. मला वाटलं, दोन-चार दिवसांत तुम्हाला सांगू. मग नाही जमलं."

आणि माझं काय, म्हटलं. त्यांच्या मनात मी कोण झाले?

"मार्चमध्ये तुम्हाला कळलं होतं ना." आवाज चढवला नाही. "तेव्हा एक पत्र टाकलं असतंत तर हे झालंच नसतं. तुम्हीच म्हणालात कुणाला सांगू नकोस."

बारा वर्षांत ती मला पहिल्यांदा उलट बोलली, आणि खरं बोलली.  मी म्हटलं, रविवारी माझ्याबरोबर चल आणि काकूंना सांग. तयार झाली. ती नाही म्हणाली असती आणि ग्रुप घेऊन वारज्याला गेली असती, तर माझ्याकडे अकरा मुली आणि बुटांचा एक जोड. तेही तिला माहीत आहे, मलाही.

२० जून

गेलो. काकूंनी या वेळी बसायला सांगितलं. भिंतीवर काकांचा फोटो, खाली तबला, खोळ घातलेला.

केतकीने सांगितलं. सगळं नीट, खाली बघून. "मी कळवलंच नव्हतं, तुमच्याशी खोटं बोलले." काकू ऐकत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे तुम्हाला ठाऊकच नव्हतं? मग कळलं कधी?"

मी तोंड उघडलं. सांगणार होते. निदान मला तसं वाटतंय.

"आल्यावर," केतकी म्हणाली. "मुंबईहून येताना गाडीत मीच सांगितलं."

मी काही बोलले नाही.

काकू उठून माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. सहा महिन्यांचं रडल्या. "काय काय बोलले मी तुम्हाला दारात उभं करून. मनात ठेवू नका." माझी माफी मागत होत्या. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते आणि केतकी खोळीची नाडी नीट बांधत होती.

चहा झाला. काका क्लासला गेले त्या शेवटच्या दिवशी मुलींना बारा मात्रा हातावर मोजून दाखवत होते, म्हणाल्या. ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

खाली आल्यावर केतकीने स्कूटर काढली. "वारज्याच्या हॉलचं नक्की करायचं ना आता? ग्रुपच्या तालमी तिकडेच घेऊ. मालक थांबणार नाही."

मी म्हटलं, बघू.

"बघू नाही, ताई. सांगा."

मी हो म्हटलं आणि मागे बसले.

२२ जून

सकाळी काकूंच्या शेजारची मुलगी निरोप घेऊन आली. उद्या जेवायला बोलावलंय, मला एकटीला. खास आळूचं फदफदं करणार आहेत. काकांना आवडायचं, त्यांच्यामागे केलं नाही म्हणे, खायला कोणी नव्हतं. आणि गुरुपौर्णिमेला मुलींसमोर काकांविषयी मीच बोलायचं, तुमच्याइतका जीव त्यांना कुणी लावला नाही, म्हणे.

येते म्हणून सांगितलं.

उद्या सांगायचं. मार्चमध्ये कळलं होतं, एवढंच तर वाक्य आहे. पण आधी सांगितलं तर त्या जेवणार नाहीत, आणि जेवून उठल्यावर सांगायचं तर