तिसरा शेरा

३ मार्च, सोमवार

दुसरा शेरा! ‘चालत्या गाडीत डुलकी. सकाळी ११.४२. डोळे दोन सेकंद मिटलेले.’

डुलकी! मला! बावीस वर्षं बस चालवतेय, गाडीच्या आरशाला ओरखडा नाही.

स्टिअरिंगच्या वर ते कॅमेऱ्याचं बटणाएवढं भिंग बसवलं आणि हे सुरू झालं. डोळे मिटले की केबिनमध्ये टींऽ टींऽ, आणि डेपोत साहेबांच्या पडद्यावर लाल टिपका. साहेब म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही, बाई." म्हटलं, "मशीनला बोलता कुठे येतं साहेब? नुसतं केकाटता येतं." शिपाई तोंड फिरवून हसला. साहेब हसले नाहीत. तिसरा शेरा आला की स्टिअरिंग सुटलं. मग चौकशीच्या खिडकीत बसायचं आणि सात नंबर कुठे लागते ते रिटायर होईपर्यंत सांगत राहायचं.

मी नाही बसणार.

४ मार्च, मंगळवार

इथे खरं लिहायला हरकत नाही. डोळे जळतात. सकाळचे दहा वाजले की पापण्यांखाली कुणी वाळू टाकल्यासारखं होतं. दोन सेकंद मिटले की बरं वाटतं, म्हणून मिटते. सिग्नलला, थांब्यावर, आणि हो — कधी रस्ता रिकामा असला तर चालत्या गाडीतसुद्धा. मिटते म्हणजे झोपत नाही!

मग पाणी वाहायला लागतं. आज शेवटच्या थांब्यावर बाहीने पुसत होते, नेमकं रेडिओने पाहिलं. रेडिओ म्हणजे बारा नंबरचा ड्रायव्हर. त्याला बंद करायचं बटणच नाही. दुपारपर्यंत अख्ख्या डेपोत झालं — "शेरा मिळाला म्हणून ताई रडत होती."

मी रडत नाही! वडील गेले तेव्हा न्हाणीघराची कडी लावून रडले. ह्या लोकांसमोर रडेन?

६ मार्च, गुरुवार

डेपोच्या आरोग्याच्या खोलीत नवी सिस्टर आली आहे. आधी डोळ्यांच्या दवाखान्यात होती. डोळ्यांत घालायला काहीतरी द्या म्हणून गेले, तर पापणी खाली ओढून बघते आणि म्हणते, "कोरडे वाटतायत."

मी हसलेच. "सिस्टर, टाकी वाहतेय आणि तुम्ही म्हणता नळाला पाणी नाही?"

ती चिडली नाही. म्हणाली, डोळ्यावर सतत एक पातळ ओल लागते. ती टिकत नसली की डोळा जळतो, आणि जळला की एकदम लोंढा सोडतो. लोंढा गालावर जातो, डोळा होता तसाच. वर आपण रस्त्याकडे टक लावून बघणार, पापणी लवणार कमी, समोरून वाऱ्याचा झोत — मग काय राहणार ओल?

"बसा. सरळ बघा. पापणी लववायची नाही. सहन होईना झालं की मिटा." हातात घड्याळ.

मनात म्हटलं, बाळे, चुकीच्या माणसाशी गाठ आहे. सासूबाईंसमोर, ट्रकवाल्यांसमोर, साहेबांसमोर जी पापणी लवली नाही ती तुझ्यासमोर लवणार?

सहा सेकंद.

पुन्हा केलं. पाच. पुन्हा. सात. "दहाच्या वर जायला हवं होतं," सिस्टर म्हणाली. घड्याळात खोट आहे म्हणून मी निघून आले.

७ मार्च, शुक्रवार

घरी लेकीला समोर बसवलं. ती अठ्ठावीस. मी सहा. घड्याळ आमचंच होतं.

१० मार्च, सोमवार

परत गेले. आपणहून. सिस्टरने ‘मला माहीत होतं’ असा चेहरा केला नाही, म्हणून बसले.

आधी प्रश्नांचा कागद. गेल्या आठवड्यात डोळ्यांत कचकच? जळजळ? वाऱ्याने त्रास? वाचताना धूसर? पुढे चौकटी — कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, सतत. हात ‘कधीच नाही’कडे जात होता. बावीस वर्षं तेच उत्तर देत आले आहे, कशालाही! मग म्हटलं, इथे कोण बघतंय? ‘सतत’, ‘सतत’, ‘बऱ्याचदा’, ‘सतत’.

मग कागदाची पट्टी. बारीक, रेघा मारलेली. टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवलं आणि म्हणाली, "डोळे मिटा, पाच मिनिटं." डोळे मिटून बसायची परवानगी! भिंगाला दाखवायला हवं होतं. पट्टी काढली तेव्हा ओल चार रेघांपर्यंत चढलेली. दुसरी तीन. "दहा रेघांच्या वर गेली असती तर मी निश्चिंत झाले असते," म्हणाली.

पट्ट्या एका कोऱ्या वहीत चिकटवून दिल्या आणि म्हणाली, "ताई, ही चाळणी आहे हं, निकाल नाही. खडा आहे का ते डॉक्टर सांगतील. आणि एक ध्यानात ठेवा — डोळे कोरडे आहेत म्हणजे झोप लागत नाही, असं नाही."

शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. लिहून मात्र ठेवते.

१२ मार्च, बुधवार

वही साहेबांच्या टेबलावर आपटली. साहेबांनी पट्ट्या उलट्यासुलट्या पाहिल्या. "म्हणजे तुमचे डोळे अधू. मग तर स्टिअरिंग आजच काढून घ्यायला हवं."

वा! डुलकी घेतली तरी मी जाणार, नाही घेतली तरी मीच!

"काढा की," म्हटलं. "पण मग सगळ्यांचे डोळे बघा. माझे एकटीचेच का?"

"एवढा वेळ कुणाला आहे?"

"माणशी अर्धं मिनिट, साहेब. चहाला याहून जास्त जातो. घड्याळ मी आणते."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. सहा सेकंद पुरले — आधी त्यांनी मान वळवली!

१४ मार्च, शुक्रवार

आज तपासणी झाली. विश्रांतीच्या खोलीत एक स्टूल, समोर सिस्टर, बाजूला मी घड्याळ घेऊन. दाराबाहेर रांग. कुस्तीला उतरल्यासारखे एकेक जण बाह्या सरसावून येत होते. एकाने बोटांनी पापण्या धरून ठेवल्या, त्याला परत रांगेच्या शेवटी पाठवलं.

अडतीस ड्रायव्हर. एकवीस जण दहा सेकंदांच्या आत गारद! रेडिओ आठ. गालांवर धारा. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कोण रडतंय रे?" पहिल्यांदाच त्याचा आवाज बंद झाला.

सिस्टर साहेबांना म्हणाली, "तुम्हीही बसा ना." साहेबांना नेमकं तेव्हाच काम आठवलं.

१८ मार्च, मंगळवार

जिंकले! एकवीस जणांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाळीपाळीने पाठवणार. माझा नंबर पहिला लागला. कोरडेच आहेत म्हणाले, थेंब दिले. दर चार तासांनी. गाडी चालवायला हरकत नाही, असा कागदही दिला. केबिनमधल्या पंख्याचा झोत तोंडावर येत होता, तो गॅरेजवाल्यांनी खाली वळवला.

मागचे दोन शेरे साहेब खोडत नाहीत. कागद वर गेलेत म्हणे. पण पुढचा नियम मी लिहूनच घेतला: भिंग वाजलं तर आधी ड्रायव्हरला विचारायचं, आणि तो सांगेल तेच कारण नोंदवायचं. मशीनच्या शब्दावर कुणाचं स्टिअरिंग जाणार नाही. ड्रायव्हरच्या शब्दावर!

रेडिओने चहा पाजला. "ताई, तू म्हणजे अगदी… अगदी…" अगदी काय, ते त्यालाही सुचलं नाही.

२४ मार्च, सोमवार

डॉक्टरकडे गेलेल्यांच्या फेऱ्या रिकाम्या राहतात. साहेब खवचटपणे म्हणाले, "तपासणी तुमची, फेऱ्या कोण मारणार?" म्हटलं, "मी मारते." पहाटेची पाळी माझी आहेच, दुपारचीही घेतली. आठवडाभराचा तर प्रश्न आहे.

डोळे छान आहेत. वाळू नाही.

२८ मार्च, शुक्रवार

लेक म्हणते, जेवताना पेंगत होतीस. मी डोळे मिटून चावत होते! घरातही भिंग बसवलंय की काय?

१ एप्रिल, मंगळवार

आठवड्याचे दीड आठवडे झाले. उद्या शेवटचे तिघे जातील. रेडिओ म्हणाला, "दुपारची मी घेतो, ताई, तू घरी जा." नको म्हटलं. शब्द दिलाय साहेबांना. मागे हटणारी नाही मी.

२ एप्रिल, बुधवार

दुपारी दोन वीस. कालव्याकडेचा सरळ रस्ता. थेंब दहा मिनिटांपूर्वीच घातले होते. जळजळ नव्हती, काहीच नव्हतं. भिंग केकाटलं. डोळे उघडले तर थांबा मागे गेलेला आणि हात केलेली म्हातारी आरशात लहान होत चाललेली. कुणाला काही झालं नाही. थांबा कधी गेला, मला माहीत नाही.

संध्याकाळी साहेबांनी स्वतःहून शेऱ्यांची वही पुढे ओढली. "कोरडे डोळे ना? लिहून टाकतो. नियम तुमचाच आहे."

"नाही साहेब. डुलकी लिहा."

"बाई, तिसरा आहे."

"मला मोजता येतं."

किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर आले. जिन्यात रेडिओ उभा होता. माझ्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाला, "काय ताई, डोळे का?"

म्हटलं, "नाही रे. रडतेय."