मधल्या दिवसांची वही

दि. ९ नोव्हेंबर २०२५, रविवार
छत्रपती संभाजीनगर

प्रिय कुमुद,

अनेक आशीर्वाद. तू आणि केशवराव खुशाल असाल. त्यांचा गुडघा कसा आहे? वैजापूरला थंडी पडली का? इकडे सकाळी शाल लागते आणि दुपारी पंखा.

सहा वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून तू आधी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं असशील, कोण गेलं म्हणून. कुणी गेलेलं नाही.

फोन का नाही केला म्हणशील. एक तर तू उचलणार नाहीस. उचललास तर मी हवापाण्याचं बोलून ठेवून देईन, माझी खोड मला माहीत आहे. शिवाय मोबाइलकडे बघवत नाही. डोळे कोरडे पडलेत, वाळू गेल्यासारखे खुपतात. म्हणून दुरेघी कागदावर मोठ्या अक्षरात लिहितेय, पहिलीच्या पोरांसारखं. हसू नकोस.

डोळ्यांसाठी शहागंजजवळ एका ॲक्युपंक्चरच्या डॉक्टरीणबाईंकडे जात होते. कोरड्या डोळ्यांवर त्यांचा अभ्यास चाललाय. पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवतात आणि पाच मिनिटांत ती किती भिजली ते मोजतात. मग भुवईपाशी, कानशिलाला, हाताच्या पंजावर केसासारख्या सुया. पहिल्या दिवशी माझी पट्टी दोन मिलिमीटर भिजली. दोन! जन्मभर ऊठसूट रडणारी बाई मी. चार बैठकांनंतर पाचवर आली. फरक सुयांनी पडला की माझ्या मनानं, ते त्यांनाही अजून सांगता येत नाही; तेच तर तपासतोय म्हणाल्या.

गेल्या मंगळवारी त्यांनी भुवईतली सुई काढली आणि रक्त थांबेना. दहा मिनिटं कापूस दाबून धरला होता. डोळा काळानिळा झालाय, शेजारीण विचारते कुठं पडलात. बाई स्टूल ओढून समोर बसल्या. म्हणाल्या, "दमयंतीबाई, फॉर्मवर तुम्ही फक्त बीपीची गोळी लिहिलीय. अजून काय चालू आहे?"

मी म्हटलं, काही नाही.

"मग पुढच्या वेळी येऊ नका. खरं कळल्याशिवाय मी सुई लावणार नाही."

पोराटोरांना ओरडावं तसं ओरडल्या मला. आणि मी पर्स उचलून बाहेर आले.

कुमुद, किती वळसे घालू? मला कॅन्सर आहे. आईला होता तोच, अंडाशयाचा. फेब्रुवारीत कळलं. माझ्या अमेयला माहीत आहे, तो बंगळूरहून महिन्यातून एकदा येऊन जातो. तुला कळवायला तोंड नव्हतं. आईला तिचा आजार सांगायचा म्हणून तू पदर खोचून उभी होतीस आणि मी तुला दारात अडवलं होतं. "ताई, तिला कळायला नको का?" म्हणालीस. मी म्हटलं, भीतीनंच मरेल ती. आई विचारत राहिली आणि आपण ॲसिडिटी म्हणत राहिलो. ती गेली आणि तू माझ्याशी बोलणं टाकलंस. आता कळतंय गं, न सांगितल्यानं भीती जात नाही. मी अहवाल स्वतः वाचते आणि तरी रोज घाबरते.

दोन औषधं करून झाली, गाठ हलेना. मग इथल्या एका दवाखान्यात नव्या औषधाचा अभ्यास चालू आहे, त्यात माझं नाव लागलं. नॅनो औषध म्हणतात. डोळ्याला न दिसणारे कण, त्यांच्या पोटात औषध भरलेलं. ते म्हणे जास्त करून गाठीतच जाऊन साचतं. म्हणे, कारण खात्री कुणालाच नाही, माणसाला किती सोसतं हेच आधी बघताहेत. तीन-तीन जणांचा गट. पहिल्या तिघांना सोसलं की पुढच्या तिघांना वाढीव डोस. आणि कुमुद, माझी गाठ कमी झाली! साडेचार सेंटिमीटरची तीनवर आली. तिथल्या डॉ. सोनियांनी पडद्यावर दाखवली तेव्हा मी त्यांच्या गालाला हात लावला, अमेयच्याच वयाच्या आहेत.

आता वहीचं सांगते. औषध दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून देतात आणि रक्त तपासतात ते त्याच्या आदल्या दिवशी. मधल्या दिवसांत काय होतं ते त्यांना कळतं आपण लिहिलेल्या वहीतून. ताप, उलटी, रक्त, डोळे, रोजचे रकाने. आणि संमतीच्या अठरा पानी फॉर्मवर, शिक्षिकाच मी, सगळी पानं वाचली, एक ओळ होती: त्रास ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यास औषध थांबवलं जाईल. त्या ओळीनं माझी झोप उडवली.

तुला आठवतं ना, साहेबांच्या तपासणीच्या आदल्या दिवशी मी महिनाभराचं टाचण एका बैठकीत लिहून काढायची, पेनं बदलून बदलून? रोज काय शिकवलं ते रोज लिहायचं असतं, पण कोण लिहितं? ही वहीसुद्धा मी तशीच भरली. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी, निळं पेन, काळं पेन, मध्येच एक चहाचा डाग. त्रास नाही. त्रास नाही. एखाद्या दिवशी "किंचित मळमळ", म्हणजे खरं वाटावं. प्रत्यक्षात दहाव्या दिवसापासून नाकातून रक्त येत होतं, ताप एकशे दोन, हिरड्या सुजलेल्या, डोळे असे. सलाइनची तारीख येईपर्यंत सगळं ओसरायचं आणि रक्ताचा अहवाल बरा यायचा. डॉ. सोनिया सगळ्यांना माझी वही दाखवतात, बघा मॅडम किती नीटनेटकं लिहितात म्हणून.

इथवर मी माझ्याच जिवाशी खेळत होते, असं मनाला समजावत होते. पण परवा बाकावर शेजारी एक माणूस येऊन बसला. शिवराज नाव, वाळूजला कंपनीत वेल्डर, चौतिशीचा असेल. पुढच्या गटात त्याचं नाव आहे. हातात तोच अठरा पानी फॉर्म, घामानं ओला झालेला.

"मॅडम, तुमाला काय तरास झाला का वो?"

"काहीच नाही," मी म्हटलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

"खरं ना? तुमी मास्तरीण हाव, तुमी खोटं नाय सांगणार. मला दोन पोरी हायेत, लई लहान हायेत, म्हणून इचारलं."

आणि त्यानं माझ्याच पेननं सही केली.

आम्ही तिघंच आहोत या डोसवर, म्हणजे जे काही त्यांना कळलंय त्यातला तिसरा हिस्सा माझा, आणि तो खोटा. येत्या शुक्रवारी अकरा वाजता त्यांची बैठक आहे. वह्या बघून डोस वाढवायचा की नाही ते ठरेल आणि सोमवारी शिवराजला पहिली सलाइन. मला एवढ्या डोसला रक्त थांबत नाही, तर त्याचं काय होईल? रडू येतं, पाणी येत नाही.

सांगितलं तर औषध बंद. मग गाठ वाढेल, आणि आईचे शेवटचे तीन महिने आपण दोघींनी बघितलेत. न सांगितलं तर तो माणूस. परवापासून हेच चाललंय डोक्यात, दुसरं काही नाही.

पत्र स्पीड पोस्टानं पाठवतेय, सोबत तीन पानं जोडलीत. कुठल्या तारखेला काय झालं ते आठवून आठवून लिहिलंय, शहागंजच्या सुयांसकट, एकाच पेननं. वर डॉ. सोनियांचा नंबर आहे. बुधवारी दवाखान्यात जाऊन मीच सांगायचं असं आज तरी ठरवलंय. पण माझा मला भरवसा नाही. या वेळी फोन उचल, आणि गुरुवारी दुपारी बारापर्यंत "सांगितलं" असा माझा फोन आला नाही, तर तू त्यांना फोन लाव आणि ही पानं वाचून दाखव. त्याआधी मी फोन करून पत्र फाड म्हणेन. शपथा घालेन, वाट्टेल ते बोलेन. ऐकू नकोस.

"औषध बंद झालं तरी चालेल" असं शेवटी लिहायचं होतं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. नाही चालणार गं. मला जगायचंय. म्हणून तर हे तुझ्या हातात देतेय.

हे माझ्या हातात राहू न देणारी हवी आहेस तू मला,

तुझी घाबरलेली,
ताई