मामंजींच्या मोटारीचा विमा मला समाजला

मु. रिहे, ता. मुळशी
माघ, मंगळवार

तीर्थरूप लीलामावशीस,

रत्नाचं पायांवर डोकं. जो कोन हे वाचून दाखवतोय त्येलाबी नमस्कार. मावशी, तीन राती झाल्या, माज्या डोळ्याला डोळा न्हाई, आन त्येचं कारन म्हंजे आमच्या मोटारीचा विमा मला समाजला. समाजला नव्हता तवर मी गाढ झोपायची. तुजा गुडघा कसा हाय? पुरानंतरच्या नव्या जागेत भितींना ओल येती का अजून? पत्र खालच्या औषधाच्या दुकानातच वाचून घे, शेजारनीकडं नगं नेऊस. मागच्या टायमाला तिनं निम्मं पत्र आपल्या मनानं वाचलं आन मला जुळं व्हनार म्हनून तू दोन झबली शिवलीस. बहिरू बरा हाय. दात आलेत, समद्यांना चावतोय. बाकी हितं समदी खुशाल हायेत (माजं सोडून).

तुला ठावं हाय, आमचे मामंजी पुन्यात शेटजींची मोटार चालवायचे. तीस वरसं. आता वयामुळं सुटी झाली तवा शेटजींनी नवी मोटार घेतली आन जुनी मामंजींना देऊन टाकली. ती गोठ्याशेजारी हुभी असती आन दुपारी तिच्या पुढच्या पत्र्यावर कोंबड्या बसत्यात. मोटारीबरुबर विम्याचा कागद आला. मावशी, मामंजींनी उभ्या जल्मात तो कागद बघितला नव्हता. मोटार त्येंच्या हातात असायची आन कागद शेटजींच्या कपाटात. म्हनले, "हिचा नट न नट वळखतो मी, पर ह्या कागदानं मला खुळ्यात काढलं." दिसभर ओसरीवर बसून कागद लांब धरायचे, मंग जवळ धरायचे, मंग परत लांब. (कागद इंग्रजीत हाय आन मामंजींना इंग्रजी येत न्हाई, तवा लांब-जवळ करून काय व्हनार, पर सुनेनं काय बोलायचं.)

मंग कागदावर मामंजींचं नाव लावायला पुन्यास्नं विम्याचा मानूस आला. पोरगाच हुता, पौडपासनं सायकल मारत आल्याला, धुळीनं भुवया पांढऱ्या झाल्याल्या. च्या घेतला आन एकेक कलम फोडून सांगाया लागला. मोटार बघाया जमलं नव्हतं एवढं गाव कागद ऐकाया जमलं. मावशी, काय सांगू तुला! आग लागली तर कंपनी. वीज पडली तर कंपनी. पूर आला, चोरी झाली, दंगल झाली, तरी कंपनी. मुंबईत कुनी तरी खुर्चीवर बसून रिह्यातल्या आमच्या मोटारीचं काय काय वाटुळं व्हईल ह्येचा इचार करून ठिवलाय, आन आमाला पत्ता न्हाई. माज्या अंगावर काटाच आला. आत्याबाई पदर त्वांडाला लावून ऐकत हुत्या. म्हनल्या, "एवढी काळजी माज्या सख्ख्या भावानं केली न्हाई." आन उठून कागदाला हळदकुंकू लावलं. तो पोरगा न्हाई न्हाई म्हनतोय तवर कागद देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी. आता सांजच्याला दोगांना एकच उदबत्ती फिरती. लढाई झाली तर मातर कंपनी काय देनार न्हाई. मामंजी म्हनले, रिह्यात कोन करतंय लढाई? तर मागनं कोन तरी म्हनलं, "सारजाबाई हाय की!" (सारजाबाई तितंच बसली हुती. मंग थोडी झालीच.)

मंग त्येनं सांगितलं, मोटारीनं तिऱ्हाइताला लागलं, न्हाईतर तिऱ्हाइताचं काय मोडलं, तर कंपनी भरून देती. घरच्याचं न्हाई. धुळा धनगर लगीच इचारतोय, "आन माजी म्हातारी शेळी चाकाखाली आली तर?" पोरगा म्हनला, मिळतील पैसे. त्या दिसापासनं धुळ्याची लंगडी शेळी आमच्या मोटारीम्होरंच चरती आन आत्याबाई काठी घेऊन तिला राखत्यात. मंग घरची म्हंजे कोन कोन ह्येचा हिशोब निघाला. आत्याबाईंनी बोटांवर मोजली, "मी, मालक, ल्योक, नातू." तवा शेजारची चिमाबाई म्हनती, "आन रत्ना? ती तर मारुंजीची. हिला उडवली तर पैसं मिळत्यात बगा!" समदी फिदीफिदी हसली. मावशी, आत्याबाई अशा भडकल्या! "माजी सून हाय ती, घरचीच हाय! लिवा हो, घरची म्हनून लिवा." मावशी, लगीन झाल्यापासनं भाकर करपली की मी मारुंजीची, दूध उतू गेलं की मी मारुंजीची. एका कागदानं मला सासरची केली. कंपनीला ठावंबी नसंल.

आनिक एक कलम हाय. वरीसभर मोटारीला काय झालं न्हाई, कंपनीकडं काय मागितलं न्हाई, तर फुडल्या वरसाला हप्ता कमी. मामंजींनी दोनदा इचारलं, "काय न झाल्याचं बक्षीस?" पोरगा म्हनला, "हो आजोबा. शेटजींना दरवर्षी मिळालंय ते तुमच्यामुळंच." मामंजी मंग म्हनले, "म्हंजे कुटंतरी लिवलेलं हुतं म्हनायचं." आन नाक शिंकरायच्या मिशानं परसात गेले.

मंग मी दाराआडनं इचारलं (आत्याबाईंनी डोळं वटारलं, पर इचारलं), आत मोटारीत बसल्यालं लेकरू कशात बसतं? पोरगा कागद परत बघून म्हनला, "वहिनी, आत फुकट बसलेल्यांचं ह्यात काही नाही." मावशी, वीज हाय, पूर हाय, धुळ्याची शेळी हाय, आन माजा बहिरू न्हाई.

त्येच्या दुसऱ्या दिशी मामंजींनी आमाला फिरवून आनायला मोटार काढली. मी बहिरूला घेऊन मागं. खळ्याच्या वळनावर मामंजींनी भोंगा वाजवला. परत वाजवला. मंग थांबवून मुंडकं भाईर काढून वरडले, "अय धुळ्या, कांबळं पांघरून रस्त्यात काय बसलास, सरक की!" तर धुळा मागनं बांधावरनं म्हनतोय, "मामा, मी हितं हाय!" फुडं हुती ती भाताच्या पेंढ्याची उडवी, मावशी. मामंजी लगीच हसले, म्हनले, तुजी मस्करी केली रं. धुळा हसला, मीबी हसले. पर मला मागनं त्येंचा हात दिसत हुता चाकावरला. घर येस्तवर तो भोंग्यावरनं हलला न्हाई.

येत्या रईवारी बहिरूचं जावळ, जेजुरीला. मामंजी म्हनत्यात, नातवाला मीच नेनार, माज्या मोटारीतनं. वाटंत पुन्यात तुला घेनार, मंग दिवेघाट. तू तयार ऱ्हा, लुगडं चांगलं नेस. मोटार लई झ्याक हाय, मामंजींसारखा डायव्हर जिल्ह्यात न्हाई, कागदावर काळजी करायसारखं काय उरलं न्हाई. भेटीत बोलू.

तुजी लाडकी,
रत्ना

ता. क. येताना बहिरूच्या गुटीचं सामान आन. हळकुंड नगं, हितं हाय.

ता. क. दुसरं. वाचनारे दादा, हितनं फुडं मोठ्यांदी वाचू नगा. मावशीला सांगा, पत्र संपलं. तिच्या त्वांडात तीळ भिजत न्हाई, रईवारी मामंजींच्या त्वांडावर इचारील, तुमाला दिसत न्हाई व्हय, आन तो मानूस शरमंनं मरंल. ह्येंना म्हनलं, बापाला सांगा, तर ह्ये म्हनले, "तूच सांग," आन बैलं घेऊन गेले. पौडच्या पोस्टात फोन हाय, पर पोस्टमास्तर हैबतराव मामंजींचे दोस्त. तुमच्या दुकानात फोन हाय, मी मागं बघितलाय, बरण्यांच्या शेजारी. माजा भाऊ भिकूदादा पिंपरीला कारखान्याची मोटार चालवतो. त्येच्या कारखान्याच्या फाटकावरल्या फोनचा नंबर पाकिटाच्या मागं लिवलाय.

त्येला म्हनावं, शनवारी रिह्याला ये, डायव्हरची टोपी घालून ये. डोळ्यांचं नाव काढू नगं. म्हनावं, "मामा, शेटजी कदी सोता चालवायचे का? आता कागदावर मालक म्हनून तुमचं नाव हाय. मालक मागं बसतो." मामंजी एवढी वरसं त्या मोटारीत मागं कदीच बसले न्हाईत. भिकूदादानं उतरून मागचं दार उघडायचं आन ते बसूस्तवर धरून हुभं ऱ्हायचं, ते दुसऱ्यांसाठी ऱ्हायचे तसं. ते न्हाई म्हननार न्हाईत. त्येंनाबी कुनी तरी हे म्हनावं असं वाटत आसंल, त्या हाताकडं बघून मला तसं वाटलं.

मावशी इचारील, कुनाला फोन करताय? म्हना, दुकानाचं काम हाय. करा दादा, आत्ताच करा.