दुष्काळाच्या धड्यातलं पाणी

तीर्थस्वरूप दादांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा एव्हाना जिना चढू देत असेल अशी आशा आहे (माझा अजून रुसलेलाच आहे).

पत्रास कारण, आभार. कॉम्प्युटर गार ठेवायचं तुम्ही पाठवलेलं पाण्याचं यंत्र बसलं, चाललं, आणि तुमची बहीण माझ्याकडे बघून चक्क हसली. ती अंध मुलांच्या शाळेसाठी धडे वाचून रेकॉर्ड करते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. परीक्षा तोंडावर, इतिहासाचं अर्धं पुस्तक बाकी, आणि आमच्या कॉम्प्युटरचा जुना पंखा असा घरघरायचा की राजा बोलतोय की पिठाची गिरणी, मुलांना कळेना. तुम्ही वेळेला धावून आलात, हे मी जन्मात विसरणार नाही.

आता मधली हकीकत. सोबतचं माहितीपत्रक मी उघडलं नाही. अहो, उभी हयात पाणीपुरवठा खात्यात काढलेला माणूस मी, करंगळीएवढ्या दोन नळ्या मला काय शिकवणार? प्रोसेसरच्या डोक्यावर पंप बसवायचा, पाण्याने तिथली उष्णता उचलून पंख्यांच्या जाळीकडे न्यायची आणि गार होऊन परत यायचं, हे मला बघताक्षणी उमगलं. फक्त वर लावायची जाळी मी तळाशी लावली (गळलंच तर खालच्या खाली गळावं, ही खात्यातली सवय). शिवाय कॉम्प्युटरच्या पेटीखाली परात ठेवली. थेंबभरही गळलं नाही. पण नळ्यांतली थोडी हवा वर चढून पंपात जाऊन बसली आणि गुळगुळ सुरू झाली. मला तो आवाज माहेरचा, त्यामुळे खटकलाच नाही. तुमच्या बहिणीच्या कानांना त्या आठवड्यात सर्दीने दडे बसलेले. रेकॉर्डिंग तसंच शाळेत गेलं.

मग तिथल्या बाईंचा फोन आला. दुष्काळाचा धडा ऐकून मुलं विचारत होती, "बाई, एवढं पाणी खळखळतंय, मग लोक गाव सोडून का चालले?"

तुमच्या बहिणीने फोन ठेवला. माहितीपत्रक तेवढं माझ्या मांडीवर आणून ठेवलं. पहिल्याच पानावर चित्र होतं, जाळी वर. मी निमूटपणे जाळी वर चढवली आणि दादा, खोली अशी शांत झाली की मला एकट्यानेच टिकटिकणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळाची दया आली. तिने दुष्काळ पुन्हा वाचला. गाव सोडणाऱ्या म्हातारीपाशी तिचा आवाज किंचित कापला, आणि तेवढंसुद्धा मुलांपर्यंत पोचलं. सगळा वर्ग गप्प बसून होता, असं बाई सांगत होत्या. ते ऐकून मी उगाचच परात घासत बसलो.

वहिनींना नमस्कार, लहानांना पापा.

तुमचा ऋणी,
घरचा पाणीवाला

ता. क. यंत्राविषयी तक्रार मुळीच नाही. मात्र जुना पंखा गेल्यापासून दुपारच्या रेकॉर्डिंगमध्ये एक वेगळीच घरघर येते. ती शेजारच्या खोलीतून, माझ्या नाकातून येते, असा शोध तुमच्या बहिणीने लावला आहे. परीक्षा होईपर्यंत तुमच्याकडे राहायला येऊ का?

ता. क. २. 'येऊ का' हे आपलं रीत म्हणून. बॅग भरून दारात ठेवलेली आहे. आत सगळ्यात वर, मला कसं ठेवायचं याचं माहितीपत्रक तिने तुमच्यासाठी स्वतः लिहून घातलंय. दादा, तुम्ही तरी ते आधी वाचा.