विचाराधीन मॉनिटर

५ जानेवारी
मॉनिटर घेतला. सेकंडहँड. बंद पडलेल्या एका ट्रॅव्हल एजन्सीचं सामान विकायला काढलं होतं, तिथून उचलला. विकणारा अगदीच बावळट, आपण काय विकतोय याचा पत्ता नाही. हिला नवाच हवा होता. नवी वस्तू काय, पैसे टाकले की कुणीही आणतो. पारख लागते ती जुन्याला. भांडार विभागात आयुष्य काढलेल्या माणसाला हे शिकवायला नको. लावून बघितला. चित्र स्वच्छ. साडूला मुद्दाम फोन करून कळवलं. त्याने विचारलं, गॅरंटी काय आहे. या माणसाला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवतच नाही.

८ जानेवारी
हिला प्रेसमधलं काम मिळालं आहे. पुस्तकाची पानं कॉम्प्युटरवर लावायची. लग्नाआधी हेच करायची, मग कन्या झाली आणि सुटलं. प्रेसच्या मालकीणबाईंनी एक पुस्तक ट्रायल म्हणून दिलंय. महिनाअखेर नीट लावून दिलं तर कायमचं काम देणार. लॅपटॉपवर अख्खं पान एकदम दिसत नाही, मान धरते, डोळे दुखतात, म्हणून हा मॉनिटर. अक्षरं इकडून उचलायची आणि तिकडे ठेवायची, याला हल्ली काम म्हणतात. असो. हिचा वेळ जाईल.

११ जानेवारी
मॉनिटर गेला. आधी लुकलुकला, मग काळाठिक्कर. ही म्हणाली, परवापासूनच लुकलुकत होता. मग परवाच का नाही सांगितलं, असं विचारलं. सांगितलं होतं म्हणे. मी पेपर वाचत असताना सांगितलेलं मी सांगण्यात धरत नाही.

१२ जानेवारी
कोपऱ्यावर एक ‘कॉम्प्युटर क्लिनिक’ आहे. तिथला मेकॅनिक स्वतःला डॉक्टर समजतो, म्हणून मीही त्याला डॉक्टरच म्हणतो. तोंडात च्युइंगम, कानाला फोन. लक्षणं सांगितली. वस्तू न बघताच म्हणाला, की आतलं पॉवरचं काहीतरी गेलं असेल, घेऊन या, लगेच करून देतो. न बघता! झाकलेल्या वस्तूचं निदान करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. हे लोक उघडतात कमी आणि आतले चांगले पार्ट काढून घेतात जास्त. नमस्कार करून निघालो.

१४ जानेवारी, रविवार
स्वतःच उघडला. आत वायर आहेत. बऱ्याच. एक पातळ पट्टी हात लावताच निसटली. मुळातच नीट बसवलेली नसणार. बंद करताना काही स्क्रू उरले. कंपनीवाले उगाच जास्तीचे लावतात. उरलेले बशीत ठेवले. एकंदरीत निदान पुढे सरकलं. कन्येने विचारलं, की मग सापडलं का काही. कॉलेजात गेल्यापासून तिची जीभ फार चालते.

१५ जानेवारी
मन शांत केलं आणि ऑफिसची पद्धत घरी आणायचं ठरवलं. ऑफिसात मोडकी वस्तू आली, की दुरुस्त करायची की कंडम करायची हे मी ठरवतो. पद्धत साधी आहे. वस्तू झाकायची, वर ‘विचाराधीन’ अशी चिठ्ठी लावायची, आणि निर्णय होईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. निर्णय घेणाऱ्यानेसुद्धा चादर उचलायची नाही. सारखं बघत बसलं की मन एका बाजूला झुकतं. माझ्या सबंध नोकरीत माझा एकही निर्णय चुकलेला नाही. गोडाउनमध्ये पाय ठेवायला जागा उरलेली नाही, ती गोष्ट वेगळी.

मॉनिटरवर जुनी चादर घातली, चिठ्ठी टाचली, सही केली. कन्येने विचारलं, बाबा, आजारी आहे की गेला. दुर्लक्ष केलं.

१७ जानेवारी
ही म्हणते, डॉक्टरकडे देऊन टाकू या. लॅपटॉपवर एक पान लावायला दोन पानांचा वेळ लागतो म्हणे. संध्याकाळी मान शेकत बसली होती. मी सांगितलं, की घाई माझ्या स्वभावात नाही. ती म्हणाली, घाई मला नाही, महिनाअखेरीला आहे. उत्तर तसं बरं होतं. मी तसं दाखवलं नाही.

१९ जानेवारी
बशीतले स्क्रू गायब. सगळ्यांना समोर उभं करून चौकशी केली. कन्या म्हणाली, मांजराने नेले असतील. आमच्याकडे मांजर नाही. फी भरून हे शिकतात. ही दुपारी तिच्या ताईकडे, म्हणजे साडूकडे, गेली होती. तीही टॅक्सी करून. एरवी चालत जाते. उधळपट्टी कशी करावी हे या घराला कुणी शिकवायला नको.

२२ जानेवारी
ही आता रोज दुपारी ताईकडे जाऊन काम करते. तिथली मागची खोली रिकामी असते, उजेड चांगला येतो, असं सांगते. घरचं टेबल सोडून दुसऱ्याच्या दारात जायचं! संध्याकाळी मान मात्र शेकत नव्हती. म्हणजे दुखणं मनाचंच होतं.

साडूचा फोन. मॉनिटरचं काय ठरलं, असं विचारत होता. विचाराधीन आहे म्हटलं. सावकाश होऊ द्या, काही घाई नाही, असं म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला.

२४ जानेवारी, सकाळी
चादर न उचलता तपासणी केली. तेवढं नियमात बसतं. वरून हात फिरवला. गार लागला. म्हणजे आत शॉर्ट नाही. टकटक करून पाहिलं. आवाज भरीव, जवळजवळ लाकडासारखा. स्क्रीन धडधाकट आहे. थोडा बारीक झाल्यासारखा वाटला. आतली दमट हवा निघून गेली असणार. न उघडता एवढं सांगायला अनुभव लागतो. डॉक्टरला सात जन्मांत जमणार नाही.

कन्या दारात उभी राहून बघत होती. विचारलं, काय आहे. काही नाही म्हणाली आणि पळाली.

२७ जानेवारी
क्लिनिकवरून येताना डॉक्टरने हाक मारून विचारलं, साहेब, कसा चाललाय मॉनिटर. काय पण प्रश्न! मी ठणकावून सांगितलं, की विचार चालू आहे, आणि निर्णय आम्ही घेऊ. तो माझ्याकडे बघतच राहिला. च्युइंगम चघळायचंही विसरला. जरबेने बोललं की अशी माणसं गप्प होतात.

३१ जानेवारी
हिने पुस्तक वेळेत पूर्ण करून दिलं. मी जेवताना शांतपणे दाखवून दिलं, की बघ, मॉनिटरवाचून काही अडलं नाही. मोठ्या स्क्रीनची गरज नव्हतीच. त्यामुळे कंडम करण्याकडे माझा कल होत आहे. कन्येला जोराचा ठसका लागला आणि ती ताटावरून उठून गेली. ही काहीतरी बोलणार होती, पण नुसतीच पाणी प्यायली.

९ फेब्रुवारी
हिला प्रेसचं कायमचं काम मिळालं. मला साडूकडून कळलं. ही म्हणते, परवाच सांगितलं. बहुतेक पेपर वाचत असताना. मालकीणबाईंना पानं फार आवडली म्हणे. बाईंची अपेक्षा बेताची दिसते.

१६ फेब्रुवारी
निर्णय झाला. दुरुस्त करायचा!

कायमचं काम म्हणजे हिला घरात बसून करता आलं पाहिजे. साडूच्या मागच्या खोलीत माझी बायको किती दिवस बसणार? रविवारी साडू आणि मेहुणीला चहाला बोलावलं आहे. डॉक्टरलाही हत्यारं घेऊन यायला सांगितलं. सगळ्यांसमोर चादर काढणार, निदान मी सांगणार, त्याने फक्त हात चालवायचे. निर्णय कसा घेतात ते एकदा बघू दे सगळ्यांना.

ही म्हणाली, सगळ्यांसमोर नको, आधी तुम्ही एकटे बघा. मी म्हटलं, पद्धत म्हणजे पद्धत. ती टेबलाजवळ गेली, चादरीचं टोक हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, बघा ना, आत्ताच बघा. मी ते टोक सोडायला लावलं. बायकांना धीर म्हणून नसतो.

१८ फेब्रुवारी, रविवार
लिहायचं नव्हतं. लिहितो.

सगळे आले. मी आधी चार शब्द बोललो, निर्णयाच्या पद्धतीबद्दल. ही आत चहा गाळत होती. चिठ्ठी काढली. चादर काढली.

कन्येचा शाळेतला ड्रॉइंग बोर्ड. मागे टेकू म्हणून दोन जाड डिक्शनऱ्या.

डॉक्टर म्हणाला, की साहेब, तुमचा मॉनिटर मी जानेवारीतच करून दिला, मॅडम घेऊन गेल्या, आतली पट्टी कुणीतरी उपटली होती तीही बसवली. मग त्याला कळलं असावं की कुणीतरी म्हणजे कोण. बिस्किट हातात तसंच धरून म्हणाला, निघतो.

साडू आता हसेल, असं वाटलं. त्याचीच वाट बघत होतो, मग मला चिडता आलं असतं. तो हसला नाही. स्वतःचा कप उचलून आत ठेवून आला. साडूने स्वतःचा कप उचललेला मी आजवर पाहिला नव्हता.

१९ फेब्रुवारी
हिला जाब विचारला. आवाज चढवला. हिने चढवला नाही.

म्हणाली, बोर्ड एका संध्याकाळपुरताच ठेवला होता. तुम्ही ऑफिसातून आल्यावर चादर उचलाल, चिडाल, मग सगळं सांगेन, असं ठरवलं होतं. तुम्ही उचलली नाही. दुसऱ्या दिवशी वाट बघितली. मग रोजच बघत राहिले. पुढे पुढे गंमत वाटायची, नंतर तीही वाटेना.

भांडली असती तर माझ्याकडे उत्तरं होती. ती भाजी निवडत हे सगळं म्हणाली. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

मॉनिटर ताईकडेच राहील म्हणाली. तिथे उजेड चांगला आहे.

२० फेब्रुवारी
संकल्प. यापुढे प्रत्येक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी, ताबडतोब बघायची. पेपर वाचताना कुणी काही सांगितलं तर पेपर खाली ठेवायचा. आज सकाळी ठेवला. कुणी काही सांगितलं नाही.

२१ मार्च
हिचं ते ट्रायलचं पुस्तक छापून आलं. मॉनिटरच्या जागेवर, टेबलाच्या मधोमध ठेवलं आहे. अजून खाकी कागदात गुंडाळलेलं. आत हिचं नाव छापलंय, असं कन्या मुद्दाम येऊन सांगून गेली. ही तेव्हापासून दोन-तीनदा टेबलाजवळून गेली. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघितलं.

कागदावरून हात फिरवला. बांधणी ठीक वाटते. छपाई बेताचीच असणार, हल्ली सगळीकडे तशीच असते. अशी गोष्ट घाईघाईने बघू नये. रविवारी निवांत बसून नीट बघेन.

तोवर धूळ बसू नये म्हणून वरून चादर घातली आहे.